निकासियोची बेटबंदी

निकासियो काल्यिसायाने मला पहिल्याच भेटीत उचललं. म्हणजे खरोखरच उचललं. दोन्ही काखांत हात घालून, बाजारात मेंढरू उचलून बघतात तसं, जमिनीपासून हातभर वर. क्षणभर तोललं, डोळे मिटून मनाशी काही पुटपुटला, आणि "एकाहत्तर किलो, त्यातले दोन बुटांचे," असं जाहीर करून परत खाली ठेवलं. तळ्याकाठच्या कोपाकाबाना गावाच्या धक्क्यावर त्या वेळी निम्मं गाव आणि किमान अकरा देशांचे पर्यटक उभे होते. वाटाड्या म्हणून तो माझा कामाचा पहिला दिवस. इस्त्रीचा शर्ट घातला होता, इंका राजांची वंशावळ तेरा पिढ्यांपर्यंत तोंडपाठ केली होती, आणि माझे पाय हवेत होते.

"मी वाटाड्या आहे," मी वरूनच सांगितलं.

"असशील. बस तिकडे, त्या पिवळ्या टोपीवाल्या बाईसमोर. ती ब्याण्णव आहे. तिची पिशवी तुझ्या मांडीवर घे, म्हणजे फिटंफाट."

होडी म्हणजे तराजू, असं निकासियोचं साधं मत होतं. कुणी कुठे बसायचं हे तिकीट ठरवत नसे, वय ठरवत नसे, लग्न तर मुळीच ठरवत नसे. नवराबायको एका बाकावर बसलेली त्याला बघवतच नसत. "दोघं मिळून दीडशे आणि एकाच बाजूला? तळ्यात जायचंय का बेटावर?" हनिमूनला आलेली किती जोडपी त्याने दोन तास समोरासमोर बसवली असतील, देव जाणे. एक जोडपं तर परत येताना आपण होऊन वेगवेगळ्या बाकांवर बसलं आणि मला म्हणालं, इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच लाभली.

साडेबारा हजार फुटांवरच्या उन्हाने त्याचा चेहरा इतका भाजला होता, की तो रागावलाय, लाजलाय की नुसताच उभा आहे, हे ओळखता येत नसे. पोहता त्याला येत नव्हतं. आमच्याकडे कुठल्याच नावाड्याला येत नाही. या पाण्यात पडलेला माणूस थंडीनेच जातो, तेव्हा पोहायला शिकणं म्हणजे मरण लांबवणं, असा सगळ्यांचा हिशेब.

तर, त्या पहिल्या दिवशी सूर्याच्या बेटाच्या उत्तर टोकाला होडी लागली. मी उडी मारून धक्क्यावर उतरलो, पर्यटकांना हात देऊन उतरवलं, आणि नव्या माणसाच्या उत्साहात मागे वळून ओरडलो, "चला की दादा, तुम्हीही वर! इंकांचा चक्रव्यूह दाखवतो तुम्हाला!"

धक्क्यावर मासे तळणाऱ्या बाईने मासा उलटायचा थांबवला. तिकिटं फाडणारा माणूस डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. निकासियो दोराची गाठ सोडून पुन्हा तीच गाठ मारत बसला.

"नको रे मास्तर," तो म्हणाला. "होडीला एकटं सोडलं की ती रडते."

रात्री घरमालकिणीने मला जेवण वाढता वाढता अक्कल शिकवली. निकासियो त्याच बेटावरचा, उत्तर टोकाच्या त्याच गावातला. माझ्या येण्याच्या आदल्या वर्षी त्याच्या गावाचं शेजारच्या गावाशी भांडण झालं आणि गावाने अकरा दिवसांचा बंद पुकारला. एकही होडी लावायची नाही, एकही पर्यटक उतरवायचा नाही. सभेत सगळ्यांनी हात वर केले, निकासियोनेही केला. आणि अकराव्या दिवशी सकाळी हा चिली देशातली चार माणसं घेऊन धक्क्याला हजर! बंद संध्याकाळी सुरू झाला होता. तो दिवस याने धरला, गावाने धरला नव्हता. एवढीच चूक. सभेपुढे तो बोटं मोजून दाखवत राहिला. लोक म्हणाले, पैशासाठी फोडला बंद. तो म्हणाला, नाही हो, मोजण्यात चुकलो. गावाला फितूर माणूस कळतो. मोजण्यात चुकणारा माणूस कळत नाही.

निकाल असा लागला: त्याचा पाय बेटाला लागायचा नाही आणि त्याचं नाव गावाच्या तोंडाला लागायचं नाही. पुढे सभेत कुणीतरी शंका काढली की होडी बांधताना तो धक्क्याचा खांब हाताने धरतो, त्याचं काय? दोन तास चर्चा झाली म्हणे. शेवटी ठरलं, की बंदी पायाला आहे, हाताला नाही.

बायको मुलीला घेऊन एल आल्तो शहरात निघून गेली. "मी माणसाशी लग्न केलं होतं, होडीशी नाही," असं सांगून गेली, आणि तिचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही. निकासियो रोज पर्यटक आणायचा, आम्ही वर अवशेष बघून येईपर्यंत होडीत बसायचा, गोठवून वाळवलेले काळे बटाटे आणि उकडलेल्या शेंगांचे दाणे फडक्यातून काढून खायचा, आणि आपल्याच घराचं छप्पर खालून बघायचा.

गुरुवारी मात्र त्याची आई यायची. प्रिमितिवा म्हातारी. एवढीशी, वाटोळ्या हॅटखाली जवळजवळ सापडत नसे. धक्क्याशेजारच्या दगडावर ती मुलाकडे पाठ करून बसायची. मुलाशी बोलायची बंदी होती. तळ्याशी बोलायची नव्हती.

"ए तळ्या," ती सुरू करायची, "त्याला सांग, थंडी वाढलीय. स्वेटरच्या आत दुसरा स्वेटर घालायचा असतो."

निकासियो इंजिनावर वाकायचा. "ए इंजिना, तिला सांग, घातलाय."

"तळ्या, तो खोटं बोलतोय. गळ्यापाशी दिसत नाहीये."

"इंजिना, म्हातारीला पाठीला डोळे फुटलेत का, विचार जरा."

"तळ्या, त्याला म्हणावं, आईला म्हातारी म्हणणाऱ्याचे दात पडतात. आणि डावीकडून का चावतोय तो? दाढ किडलीय. वैदूकडे जा म्हणावं, गाढवा."

"इंजिना, गाढव कोण म्हणालं? तळं की म्हातारी?"

अशी चौदा वर्षं. मासे तळणारी बाई हसून हसून तेलात पडायची राहायची. गावाला सगळं ठाऊक होतं, पण तळ्याशी बोलण्यात गुन्हा काय? आमच्यात सगळेच बोलतात.

मग एका गुरुवारी ती आली नाही. पुढच्या गुरुवारी मी माझी माणसं घेऊन लवकर खाली उतरलो, तर किनाऱ्यावर चार-पाच बायका कपडे धूत होत्या. माणूस गेल्यावर आठव्या दिवशी त्याचे कपडे तळ्यात धुतात, नंतर जाळतात. दगडांवर एक घेरदार तपकिरी घागरा वाळत टाकला होता. त्याच्या काठाला हिरवी पट्टी होती. ती पट्टी निकासियोनेच कोपाकाबानाच्या बाजारातून घेतली होती आणि माझ्या हाती वर पाठवली होती.

"मास्तर," तो होडीतून म्हणाला, "ते कपडे कुणाचे आहेत, जरा बघून ये."

मी गेलो आणि परत आलो. काही सांगावं लागलं नाही. त्याने मान हलवली, पर्यटकांना होडीत घेतलं आणि सगळ्यांना एकाच बाजूला बसवलं. वीस माणसं उजवीकडे, डावीकडे कुणी नाही. होडी दोन तास तिरकी चालली. पाणी काठाला लागत होतं. लोकांना वाटलं, इथली पद्धत असेल.

आमच्याकडे मृतात्मे वर्षातून एकदाच घरी येतात. एक नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता येतात, दोन नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता जातात. इतकी वेळ पाळणारं आमच्या देशात दुसरं काहीही नाही. पण माणूस गेल्यापासून तीनच वर्षं त्याच्यासाठी ताट मांडतात. तिसऱ्या वर्षीचा निरोप तो शेवटचा. त्या दिवशी बारा वाजता घरची माणसं थडग्यापाशी उभी राहतात, आणि मग आत्मा जो जातो तो पुन्हा वळून बघत नाही. निरोपाला जो नव्हता, त्याला तो विसरतो, असं म्हणतात.

पहिली दोन वर्षं निकासियो होडी लांब उभी करून टेकडीवरचा धूर बघत बसला. तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबर संपत आला तेव्हा, तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, मला बेटावर जायचंय."

"जा की. मी कुठे अडवतोय?"

"थट्टा करू नकोस. हिलारियोन यंदा गावप्रमुख आहे."

हिलारियोन त्याचा सख्खा धाकटा भाऊ. गावप्रमुख म्हणजे वर्षभर खांद्यावरून चाबूक आडवा टाकून फिरायचं आणि गावाचे नियम सांभाळायचे. सख्ख्या भावाला त्याने सतरा वर्षांत मान वळवून पाहिलं नव्हतं.

मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मी म्हणालो, "निकासियो म्हणून जाता येणार नाही. पर्यटक म्हणून चला. माझ्या गटात. सकाळच्या होडीने जायचं, अवशेष बघायचे, बाराच्या आत दफनभूमीत. तिथे त्या दिवशी कुणीही परका जातो, प्रार्थना म्हणतो. तुम्हीही म्हणा. बारा वाजेपर्यंत गर्दीत उभे राहा. संध्याकाळी घरी."

"आणि ओळखलं तर?"

"कोण ओळखणार? सतरा वर्षं तुमच्याकडे बघायचं नाही असा नियम आहे. तुमचा चेहरा कसा आहे, हे गावात कुणाला धड आठवत नसेल."

तो हे ऐकून खूश झाला, आणि मग जरा वेळाने खूश राहिला नाही.

पुढचे आठ दिवस मी त्याला पर्यटक व्हायला शिकवलं. काळा चष्मा, नाकावर पांढरं मलम, आणि अस्सल लोकरीचा म्हणून विकला जाणारा नायलॉनचा स्वेटर, छातीवर ओळीने सहा लामा. "हे घालून मेलो तर आधी स्वेटर काढा," तो म्हणाला. कपड्यांचं जमलं, पण खरी अडचण छातीची होती. त्याला दम लागेना! गावामागच्या टेकडीवर आम्ही रोज चढायचो. मी प्रत्येक वळणावर खाली बसायचो, आणि हा आपला शिट्टी वाजवत वर.

"दादा, धापा टाका! पर्यटक बोलताना दर तिसऱ्या शब्दाला थांबतो."

"तिसऱ्या शब्दाला? मग त्यांचं लग्न कसं ठरतं?"

"तोंड उघडं. डोळे बाहेर. हात कमरेवर. आता म्हणा, 'अजून किती राहिलंय?'"

"अजून... किती... राहिलंय?"

"शाब्बास! आता माझ्यावर रागवा, मी बघा 'आलंच' म्हणालो होतो."

दोन नोव्हेंबरला माझ्या मेहुण्याने, फ्रोइलानने, होडी चालवली. निकासियो आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "फ्रोइलान, त्या दाढीवाल्याला उजवीकडे घे." मी कोपराने ढोसलं. त्यानंतर तो बोटं एकमेकांत अडकवून बसला; वजनं त्याच्या डोळ्यांदेखत चुकीची बसली होती आणि त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बेटाच्या धक्क्यावर त्याने आधी उजवा पाय ठेवला, मग डावा. मग बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती. बराच वेळ तो तसाच वाकून होता.

"कुठले?" तिकीट फाडणाऱ्याने विचारलं.

"कोचा... बांबा," निकासियोने लांबच्या, खालच्या शहराचं नाव भात्यासारखं फुसफुसत सांगितलं. अजून धक्क्यावरच होता, चढ सुरूही व्हायचा होता.

"उंची बाधली वाटतं आत्ताच. कोकाची पानं चघळा, साहेब," तो पोरगा म्हणाला. निकासियोने सतरा वर्षांत त्याला पाळण्यातून या खुर्चीपर्यंत येताना होडीतून पाहिलं होतं.

अवशेषांपर्यंत पाऊण तासाची वाट. गटात नऊ जण. चक्रव्यूहाच्या दगडी खोल्यांत शिरल्यावर मी माझं नेहमीचं पुराण लावलं: इथे सूर्यकन्या राहत, इथे त्यांचं स्नानगृह, इथे त्या विणकाम करत. सूर्यकन्या तिथे राहत होत्या की नाही मला माहीत नाही. पण पर्यटकांना त्या आवडतात.

"इथे... आम्ही... म्हणजे इथे लोक गाढवं बांधत असतील, नाही का?" निकासियो म्हणाला. उरुग्वेच्या एका बाईने ते वहीत लिहून घेतलं.

चक्रव्यूहाची दारं इंकांच्या मापाची. प्रत्येक पर्यटक त्यांत डोकं आपटतो. मी मोजून तीन आवाज ऐकल्यावर कथा पुढे नेतो. निकासियो मात्र दार यायच्या आधीच वाकत होता. अंधाऱ्या कोपऱ्यांतही वाकत होता. लहानपणी त्याने तिथे मेंढरं राखली होती.

"डोकं आपटा," मी त्याच्या कानात म्हणालो.

तो भला माणूस. पुढच्या दाराला त्याने इतक्या मनापासून आपटलं, की कपाळातून रक्त आलं. सगळे हळहळले. उरुग्वेच्या बाईने पट्टी लावली. तो म्हणाला, "आभारी... आहे," आणि यावेळी थांबणं खोटं नव्हतं.

बाराला वीस मिनिटं असताना आम्ही दफनभूमीत पोचलो. थडग्याथडग्यांवर उसाच्या कमानी, आत्म्याला वाटेत पाणी पुरावं म्हणून पातीचे कांदे, वर चढायला पावाच्या शिड्या, पावाच्या बाहुल्यांना रंगवलेले चेहरे. प्रिमितिवा म्हातारीचं थडगं भिंतीजवळ. हिलारियोन चाबूक खांद्यावर टाकून उभा, त्याची बायको कासिमिरा ताटामागे बसलेली. निकासियोने टोपी काढली. चष्मा तसाच ठेवला. गुडघे टेकून त्याने शहरी उच्चारात, दर तिसऱ्या शब्दाला थांबत प्रार्थना म्हटली. आईचं नाव घेताना थांबायचं विसरला, पण तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मनातल्या मनात नाचत होतो. जमलं होतं. आता फक्त मागे सरकून गर्दीत उभं राहायचं.

कासिमिराने ताट भरलं. प्रार्थना म्हणणाऱ्याला ताटातलं द्यायचं, ही त्या प्रार्थनेची मजुरी. परका जितका परका, तितकी प्रार्थना लांब पोचते म्हणतात, म्हणून कोचाबांबाच्या साहेबाला तिने भरभरून वाढलं: दोन पाव, केळी, उसाचं कांडं, वर एक बाहुली.

"घ्या, साहेब. घरचा पाव आहे."

निकासियोचे हात पाठीमागे गेले.

"घ्या की, लाजताय काय?"

"घ्या हो," मी हसत म्हणालो, आणि मग दात न उघडता, "घे रे, बाबा. घे."

त्याने मान हलवली. नाही.

"कमी वाटलं का?" कासिमिराने आणखी एक पाव घातला. "एवढ्या लांबून आलात, म्हातारीसाठी बोललात. रिकामे कसे जाल?"

ते हात पाठीमागून पुढे येईनात. मी वीस शिकवण्या दिल्या होत्या, ही एक दिली नव्हती, कारण मलाच सुचली नव्हती. परका माणूस पाव घेतो. म्हाताऱ्या घेतात, पोरं घेतात, भुकेला नसलेलाही घेतो. त्या दिवशी प्रार्थना म्हणून पाव न घेणारा माणूस जगात एकच: ज्याच्या घरचं मेलंय तो. आपल्या आईसाठी केलेल्या प्रार्थनेची मजुरी मुलगा घेत नाही.

कासिमिराने त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग हातांकडे, मग चष्म्याकडे. ताट तिने हळूच खाली ठेवलं. शेजारच्या थडग्यांवरची डोकी वळली.

हिलारियोन दोन पावलं पुढे आला. भावाकडे त्याने पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, तुमच्या या पाहुण्यांना उंची बाधलीय. ओठ निळे पडलेत. खाली न्या त्यांना."

"बाराला दहा मिनिटं आहेत, प्रमुख," मी म्हणालो. "फक्त दहा मिनिटं."

"म्हणूनच सांगतोय. बारा वाजता निरोपाला उभे असतील त्या घरच्या माणसांची नावं मला मोठ्याने घ्यावी लागतात. मग मी यांचं काय करू?" त्याने चाबूक दुसऱ्या खांद्यावर घेतला. "न्या म्हणतोय ना. आत्ता."

"दोन वाक्यं बोलू द्या—"

"मास्तर, चल," निकासियो म्हणाला.

जाताना थडग्यावरचा एक कांदा कलंडला होता, तो त्याने सरळ केला. कासिमिराने करू दिला.

उतारावर अर्ध्या वाटेत असताना वर बाराच्या निरोपाचे फटाके वाजले. मी धापा टाकत होतो, तो नव्हता.

"वाजले का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, वाजले. तो चालत राहिला. धक्क्यावर त्याने स्वेटर काढून मासे तळणाऱ्या बाईच्या टोपलीवर ठेवला आणि फ्रोइलान सांगेल तिथे बसला.

हिलारियोनने केलेलं कुणाला फसवू शकलं नाही; ते रिकामे हात सगळ्यांनी पाहिले होते. वर्ष संपायच्या आत सभेने त्याचा चाबूक काढून घेतला. माझ्या गटांना उत्तर टोकाला उतरायची एक वर्ष मनाई झाली, तेव्हा मी सूर्यकन्यांना दक्षिण टोकाला राहायला नेलं. निकासियोने त्याच महिन्यात होडी विकली आणि एल आल्तोला मुलीकडे गेला. तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान होतं, तिथे तो ट्यूब पाण्यात बुडवून भोकं शोधायचा.

बंदी उठवा म्हणून मी दोनदा सभेत गेलो. सचिव म्हणाला, निकालाचा कागद सापडत नाही, आणि कागद नसेल तर उठवायचं काय?

निकासियो दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. मला चार महिन्यांनी कळलं.